कापसात बुडालेली पांधण

संपादकांचा निरोप आला, की कापसाच्या त्या दिवसांवर बैठक मारून काहीतरी लिहून द्या. बैठक मारणं हीच माझी अडचण आहे. माझ्या पायाला भिंगरी आहे, असं माझी बायको बायजा लग्नानंतरच्या पहिल्याच पोळ्याला म्हणाली होती, आणि अजून तिनं मत बदललेलं नाही. एवढ्या ओळी लिहीपर्यंत मी उठून गोठ्यात चक्कर मारून आलो. बैल होते तिथंच होते. अक्षरओळख मला फार उशिरा झाली. तेव्हा कुठं काही वेडंवाकडं दिसलं तर वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

मी वलगावचा. बापाचं शेत भावाभावांत वाटलं गेलं तेव्हा माझ्या वाट्याला जे आलं, त्यात वखर चालायला लागला की लगेच वळवायची वेळ यायची. तेवढ्यावर दोघांचं पोट भरणं शक्य नव्हतं. म्हणून मी जमीन फोडण्याचे गुत्ते घेत असे. गुत्ता म्हणजे अंगावर घेतलेलं काम. शेत एवढं, काम एवढं, मोबदला एकदाच ठरलेला. मग ते लवकर उरको नाहीतर बैल अडून बसोत, ते आपलं नशीब.

शहरातल्या लोकांना वाटतं की शेतकरी दरवर्षी नांगरतो. आमच्या काळ्या मातीत तसं नसतं. वर्षानुवर्षं नुसता वखर फिरतो, वरवर खरवडतो, आणि तेवढ्यावर माती पीक देते. नांगर निघतो तो जमिनीत कुंदा माजला की. कुंदा दिसायला गवतच, पण त्याच्या मुळांच्या गाठी पार खोल जातात. वखराच्या पासेनं, म्हणजे आडव्या पात्यानं, तो वरून कापला की जास्तच चेव आल्यासारखा फुटतो. अशा जमिनीला मोठा नांगर लागतो, त्याला चार जोड्या बैल लागतात, आणि काम करायचं ते चैत्र-वैशाखात, जमीन तापून भेगाळलेली असते तेव्हा. ढेकळं निघतात ती एकट्या माणसाला उचलत नाहीत. कुंद्याच्या गाठी उन्हाकडे तोंड करून पडतात आणि वाळून मरतात. एका माणसाजवळ चार जोड्या कुठून असणार? म्हणून आम्ही चौघं भागीदार होतो. त्यातला उकंडा माझा जिवाचा सोबती. त्याचे बैल त्याच्यासारखेच शांत होते, माझे माझ्यासारखे.

कुठंतरी अमेरिकेत लढाई जुंपली, तिकडचा कापूस विलायतेला जाईना, इकडच्या कापसाचे भाव चढले, आणि आमच्या वऱ्हाडाचं डोकं फिरलं. गाड्यांच्या चाकांना लोकांनी चांदीच्या धावा बसवल्या असं आता सांगतात. मी त्या वर्षांत अमरावतीपासून अकोल्यापर्यंत पायी फिरलो, मला लोखंडाच्याच दिसल्या. मात्र माणसं बदललेली दिसली. कोणी स्वस्थ बसेना. पडीत फोडा, गायरान फोडा, नाल्याचा काठ फोडा. आम्हाला एका गावातून दुसऱ्या गावी ओढून नेत. अकोल्याकडच्या एका गिऱ्हाइकानं तर आम्हाला त्याचं खळं नांगरायला लावलं. पिढ्यान् पिढ्या चोपून, सारवून दगडासारखी झालेली जागा. उकंडा म्हणाला, "मालक, मंग ज्वारी कुठं मळसान?" तो हसून म्हणाला, "पेरून कोन राह्यलं ज्वारी?" आम्ही नांगरलं. पुढल्या साली तोच माणूस ज्वारीची पोती शोधत आमच्या वलगावात आला होता.

अशा फिरतीत आम्ही दर्यापूरकडच्या एका गावी पोचलो. गावाचं नाव सांगत नाही, तिथं अजून माझं जाणंयेणं आहे. त्या पट्ट्यात विहिरीचं पाणी खारं. माझे बैल पाण्याच्या डोणीला तोंड लावत आणि माझ्याकडे बघत, जणू मीच त्यात मीठ टाकलंय.

तिथं तानाकाकू भेटली. आमची नात्याची नव्हे, पण सगळं गाव तिला काकू म्हणे. नवरा जाऊन काही वर्षं झालेली, मूलबाळ नाही. तिचं शेत शिवाराच्या पार आतल्या टोकाला, आणि कुंद्यानं भरलेलं. दीर होता, झिंगराजी पाटील. त्याचं मोठं शेत तिच्या शेताच्या अलीकडे, गावाच्या अंगाला. बाईच्या हातून शेती होत नाही, जमीन कुंद्यात गेली, आता सरकारचे मोजणीवाले येतील तेव्हा त्या शेतावर माझं नाव लावा, असा त्याचा धोशा होता. कारण मोजणीत ज्याचं नाव लागेल, त्याची जमीन. पंचांनी बसून ठरवलं की यंदाचं पीक काकूनं काढलं, विकलं आणि मोजणीआधी सरकारी सारा भरला, तर नाव तिचं. नाही जमलं तर झिंगराजीचं.

काकू आमच्या उतरल्या जागी आली. डोक्यावरून पदर, हातात काठी, पण वाकलेली नाही.

"भाऊ, गुत्ता द्यायले माह्यापाशी काई नाई," ती म्हणाली. "जमीन फोडून दे. मंग बटईनं कर. मेहनत तुही, शेत माहं, पीक निम्मं निम्मं."

माझे भागीदार तयार नव्हते. रोख सोडून बटईच्या फंदात कोण पडतो? पण बायजा माझ्याबरोबर होती. दोन वर्षं तिनं दर पंधरवड्याला नव्या झाडाखाली चूल मांडली होती. ती मला बाजूला घेऊन म्हणाली, "एक साल तरी एका जागी राहू. भिताडाले टेकून जेवाव म्हन्ते मी." नांगरणीचा भागीदारांचा हिस्सा मी माझ्या निम्म्यातून देईन असं ठरवलं, शेत फोडलं, आणि ते पुढच्या गावी गेले तेव्हा मी मागं राहिलो. उकंडा तेवढा मधूनमधून येत राहिला.

ते शेत फुटलं तेव्हा आतली माती अशी निघाली, की मी मूठभर उचलून उगीच हातात धरून बसलो. मी दुसऱ्यांच्या कितीतरी जमिनी फोडल्या होत्या. नांगर फिरला की पाठ फिरवायची आणि निघायचं. पेरलेलं उगवताना बघायला मी कधी थांबलोच नव्हतो. त्या पावसाळ्यात मी रोज सकाळी उठून शेतात जायचो, काम असो नसो. सरकीला शेणमातीचा हात देऊन बायजानं आणि काकूनं बी केलं, तिफणीमागं दोघी चालल्या. पऱ्हाटी, म्हणजे कापसाची झाडं, वर आली, ओळींमधून डवरे फिरले, बोंडं धरली. मला पहिल्यांदा वाटलं की आपल्या पायांना आता कुठंतरी थांबायला हरकत नाही. वाटलं आणि भीतीही वाटली.

आता जी चूक झाली ती आमच्याच लोकांनी करावी अशी होती.

त्या शिवाराच्या मधून गावापासून आतपर्यंत एक पांधण होती, म्हणजे शेतांच्या मधली गाडीवाट. होती असं नुसतं म्हणायचं. वखर धुऱ्याशी, म्हणजे बांधाशी, वळवताना हाकणारा बैलांना जरासं बाहेर जाऊ देतो, आणि पास वाटेची बोटभर माती खाते. दोन्ही बाजूंनी, दरवर्षी. अशी ती पांधण कधीच अरुंद झाली होती. पण कोणाचं अडत नव्हतं, कारण शिवारात निम्मी ज्वारी असायची. ज्वारी एकदा कापली की शेत मोकळं. मग आतल्या शेतांतल्या गाड्या सरळ धसकटांवरून निघायच्या, कोणी कोणाला विचारत नसे. त्या साली एकानंही ज्वारी पेरली नाही. उरलेली पांधणही लोकांनी पेरून टाकली. आणि कापूस काही एकदम निघत नाही. एक वेचा झाला की दुसरा, मग तिसरा. दिवाळीपासून थेट फाल्गुनापर्यंत पऱ्हाटी शेतात उभीच. तेव्हा कुठं सगळ्यांच्या ध्यानात आलं की शिवार कापसानं भरलंय आणि बाहेर पडायला वाट नाही.

मला हे कळायला हवं होतं म्हणाल, तर माझ्यासकट कोणालाच कळलं नाही. सगळे वर बोंडांकडे बघत होते, पायाखाली कोणी बघितलं नाही.

आमचा पहिला वेचा झाला. सीतादहीच्या, म्हणजे वेचणीला सुरुवात करायच्या दिवशी बायांनी शेताच्या कोपऱ्यात दहीभात ठेवला, काकूनं पऱ्हाटीला हात जोडले, आणि दिवसभर बाया कापूस वेचून ओट्या भरत राहिल्या. दुसरा वेचाही झाला. कापसाचा ढीग शेतातल्या झोपडीत चढत चालला. वाटेवरच्या बाकीच्या शेतांच्या धन्यांनी गाडीसाठी कोणी कोपरा मोकळा करून दिला, कोणी धुरा. गाडी आणायला झिंगराजीचं शेत तेवढं आड राहिलं. दुसरीकडून मोठा नाला.

मी त्याच्याकडे गेलो. तो ओसरीवर बसला होता.

"पाटील, गाडीपुरती वाट द्या. तुमचं नुसकान मी भरून देतो."

"देतो नं," तो म्हणाला. "नाई कोन म्हन्ते? शेवटचा वेचा होऊ दे माहा. फाल्गुनात खुशाल गाडी आन."

फाल्गुनाच्या आत मोजणी होणार होती, हे त्याला माहीत होतं, मला माहीत होतं, ओसरीवरच्या कुत्र्यालाही माहीत असावं. मी तसाच परत आलो. झोपडीभोवती किती फेऱ्या घातल्या देव जाणे. गाठोडी डोक्यावर न्यावीत म्हटलं, तर त्याची माणसं धुऱ्यावर काठ्या घेऊन बसलेली. उत्तरेकडून ढग यायला लागले होते. झोपडीवरची पालं जुनी होती. कापूस भिजला की पिवळा पडतो, त्याला मग कोणी हात लावत नाही.

"काकू, आता काय करावं?" मी विचारलं.

"मले इचारून राह्यला का?" काकू म्हणाली. "मी तं बाईमानूस. शेती नाई जमत मले." आणि ती हसली. तेव्हा मला हसू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायजा नेहमीसारखी बाकीच्या बायांबरोबर झिंगराजीच्या शेतावर रोजानं वेचायला गेली. त्या वर्षी वेचणाऱ्या बायांना काय भाव आला होता हे सांगायला हवं. शेतं सगळी एकदम फुटलेली, आणि पुरुष आगगाडीच्या सडकेवर माती टाकायला गेलेले. बायांना घरी येऊन बोलावत, विडा देत, गाडीत बसवून नेत. ज्या बाया पिढ्यान् पिढ्या मालकाच्या दारात उभ्या राहिल्या, त्या आता कोणाच्या शेतात जायचं ते आपसांत ठरवत.

झिंगराजीच्या शेतात कापूस लोंबत होता, वारं सुटलं होतं, आणि फुटलेला कापूस जमिनीवर गळायला लागला होता. बाया आल्या, धुऱ्यावर ओळीनं बसल्या आणि कोणी उठेना.

"काहून बसल्या वं?" झिंगराजीनं विचारलं.

"जिठानीची गाडी निंगू द्या, मंग हात लावतो," बायजा म्हणाली. काकू त्याची थोरली भावजय, म्हणजे त्याच्या बायकोची जिठानी, मोठी जाऊ. बायजानं त्याला त्या नात्याची आठवण करून दिली.

"दुसऱ्या बाया आनतो मी."

"आना की. आमी बसलो हावो."

कोणी मिळणार नाही हे दोघांनाही ठाऊक होतं. तो चिडला, बायांच्या नवऱ्यांची नावं घेऊन ओरडला. एक म्हातारी म्हणाली, "पाटील, माहा बुढा दोन सालाखाली मेला. त्याले जाऊन सांगा." बाया हसल्या. ढग पुढं सरकले. दुपार होईपर्यंत तो धुऱ्यावर येरझारा घालत होता, आणि नाल्याच्या काठावर मी. त्या दिवशी मला तो परका वाटला नाही.

शेवटी त्यानं मला हाक मारली. "पुंजाजी, आन तुहा नांगर. पाड वाट."

योगायोगानं उकंडा त्या दिवशी आलेला होता. तो म्हणाला, "उभ्या पिकावर मी नांगर घालनार नाई, पाटील. उपटा हातानं." मग प्रश्न आला की उपटायचं कोणी. बाया उठल्या, गाडीपुरत्या चार ओळी ठरवून त्यांवरचा फुटलेला कापूस तेवढा वेचून झिंगराजीच्या टोपल्यांत टाकला. पण झाडांवर अजून हिरवी बोंडं होती, फुलंसुद्धा होती. असं झाड उपटणं कुणब्याच्या हाताला जमत नाही. मी पुढं झालो आणि थांबलो. जमीन फोडणारा मी, ढेकळांची मला कधी दया आली नाही, पण तिथं हात चालेना. कोणाचाच चालेना. सगळे नुसते उभे.

"सरका," झिंगराजी म्हणाला. "माह्या शेतात पयला हात माहा."

त्यानं धोतराचा काचा मारला, खाली वाकला, आणि एक झाड मुळासकट उपटलं. ते टाकायचं सोडून तो ते हातात धरून उभा राहिला. त्याचे डोळे भरले होते. माणूस लोभी होता, खोटा होता, भावजयीच्या जमिनीवर टपलेला होता, पण त्या झाडासाठी तो खरोखर रडला. तेवढ्यापुरता मला तो आवडला. मग आम्ही सगळ्यांनी मिळून बाकीची झाडं काढली.

त्याच संध्याकाळी गाड्या भरल्या. पाऊस आला तो आम्ही गावठाणात पोचल्यावर. तो सबंध प्रवास, दर्यापूर सोडून वलगाववरून अमरावतीच्या बाजारापर्यंत, मी गाडीत बसलोच नाही, बैलांच्या पुढं चालत राहिलो. कापूस विकला. काकूनं सारा भरला आणि पंचांना सांगितलं. पंच म्हणाले, झालं, नाव तुझं. आम्ही त्या दिवशी पुरणपोळी खाल्ली. मला वाटलं, गोष्ट संपली.

मोजणीवाले आले ते माघाच्या अखेरीला. साखळी घेऊन माणसं शेतात फिरली, कोपऱ्यांवर खुणा घातल्या. कारकून बाभळीखाली पेटी ठेवून बसला होता. तो घाटावरचा होता, त्याची भाषा गोड आणि हुकूम कडक. त्याला आमच्या पंचांचं काही देणंघेणं नव्हतं. त्यानं विचारलं, "ह्या शेतात नांगर कोण धरतो? पेरणी कोणी केली?"

काकू काही बोलायच्या आत झिंगराजी म्हणाला, "नांगर तं हा पुंजाजी धरते. पेरलं बी त्यानंच. खोटं कायले बोलू?"

आणि ते खोटं नव्हतंच. त्याच्या मनात काय होतं ते मी ओळखलं. आपल्याला नाही तर नाही, पण भावजयीलाही नको, परका चालेल. कारकुनानं माझ्याकडे बघितलं.

"कब्जा तुझा आहे का? तुझं नाव लिहू?"

बाभळीखाली गाव जमलं होतं. पंच जमिनीकडे बघत होते, कोणी त्याला सांगेना की आमचं असं ठरलंय. काकू काठीवर हात ठेवून उभी होती. तिनं माझ्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर मला सोपं गेलं असतं. समोर ते शेत होतं. त्यातला कुंदा मी काढलेला, ढेकूळ न् ढेकूळ माझ्या पायाखालून गेलेलं. नुसतं 'हो' म्हणायचं होतं. मागं बायका उभ्या होत्या तिथं बायजा होती. मी वळून बघितलं नाही, माझी छाती झाली नाही.

"नांगर मी धरतो," मी म्हणालो, "पन बटईनं. शेत तानाकाकूचं हाय. तिचं नाव लिहा."

"नक्की?" कारकून म्हणाला.

"नक्की."

त्यानं लिहिलं. काकू माझ्याजवळ आली, तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला. लोक पांगले. झिंगराजी तसाच निघून गेला.

आम्ही घराकडे निघालो. मी पुढं, बैलांची दोरी हातात, बायजा मागं. अर्ध्या वाटेत विचारलं तिनंच.

"तुमाले एकदाई वाटलं नाई? आपलं म्हनाव म्हनून?"

"वाटलं," मी म्हणालो.

"मले बी वाटलं."

मी थांबलो. म्हटलं, "तू तिथं एक शबूद जरी बोलली असती नं बायजा, तर मी त्याले माहं नाव सांगून देल्लं असतं."

"मले ठाव होतं," ती म्हणाली. "म्हनून तं चूप राह्यली."

आणि मग ती तिथंच धुऱ्यावर बसली, तोंडात पदर धरून पोटभर रडली. मी बैलांची दोरी धरून तिच्याजवळ उभा राहिलो. त्या वेळी मात्र माझे पाय कुठं निघाले नाहीत.